बरणीतल्या मोहरांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. नणंदेला तरीही शंका वाटली तर तिने तो दोनदा वाचावा.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या मुलीला. मागच्या खोलीची खिडकी अडकते, तिला खालून धक्का द्यावा लागतो. भिंतींचा रंग खुशाल बदल.

२. शिलाई मशीन आणि कात्र्या शेजारच्या इस्त्रीवालीला. मोठ्या कात्रीने कागद कापलेला मला वर बसूनही कळेल.

३. कटिंगचं टेबल विकू नये. वर्षानुवर्षं दर रविवारी याच टेबलावर आमचा खेळ चालायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते: धाकटा भाऊ सूत्रधार, तो गोष्ट रचायचा. मी, हे, नणंद आणि दातांचे डॉक्टर असे आम्ही चौघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचो, फासे टाकायचो, राक्षस मारायचो आणि खजिना वाटून घ्यायचो. माझ्या बरणीतली पितळी बटणं म्हणजे सोन्याच्या मोहरा. लोकांना वाटायचं, गंमत राक्षस मारण्यात असेल. छे, खरी गंमत त्यानंतर, मोहरा खर्च करायच्या रविवारी.

४. दातांचे डॉक्टर पॅन्ट आखूड करायच्या मजुरीतही घासाघीस करत. गोष्टीत मात्र शिलेदार होऊन त्यांनी अख्खं गलबत विकत घेतलं. भावाच्या नकाशात समुद्रच नव्हता. "असू दे, घेऊन ठेवतो," म्हणाले. भावाला बिचाऱ्याला पुढच्या रविवारी समुद्र काढून आणावा लागला. डॉक्टरांना माझी काळी छत्री द्यावी. ती तशीही कधीपासून 'चुकून' त्यांच्याकडेच आहे.

५. नणंद आमच्यातली चेटकीण. जन्मभर तिने सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर उरेल त्या कोमट पाण्यात भागवलं. खजिना हाती आल्यावर तिने मनोरा बांधला आणि मजल्यामजल्यावर गरम पाण्याचं न्हाणीघर. मी म्हटलं, "वन्सं, शत्रू चालून आला तर?" "थांबेल बाहेर. मी न्हातेय," म्हणाली. तिला माझी तांबडी शाल. माझ्या लग्नापासून तिचा त्या शालीवर डोळा आहे आणि वर मलाच कंजूष म्हणते.

६. हे गवई व्हायचे. ह्यांच्या हातात मोहर म्हणून टिकली नाही. खाणावळीत दिसेल त्याला जेवण, एक लंगडं गाढव, एकदा तर कुठल्याशा गावातल्या सगळ्या घरांना नवी छपरं. मी गोष्टीत बुटका व्हायची; माझा बुटका मोहरांचं पोतं पाठीला बांधून मागे मागे हिंडायचा आणि ह्यांच्या नावाने बोटं मोडायचा. ते रविवार मला फार आठवतात.

७. शेवटच्या रविवारी ह्यांनी माझ्या बरणीतून मूठभर बटणं उचलली. "अहो, कुठे निघालात?" "बाजारात. तुझ्या बुटक्यासाठी काहीतरी घेतो." मग काय घेतलं ते भावाच्या कानात सांगितलं. भाऊ खो खो हसला. पुढचा रविवार यायच्या आत हे गेले.

थोड्या दिवसांनी भाऊ ते सांगायला आला. मी म्हटलं, "सांगू नकोस." मला कळत नाही तोवर हे बाजारातच आहेत, रमतगमत येतील. भाऊ म्हणाला, "ताई, मग गोष्ट पुढे सरकणार नाही." मी म्हटलं, "नाही तर नाही." तेव्हापासून तो फासे खिशात घेऊन चहाला येतो, हवापाण्याचं बोलतो आणि जातो.

म्हणून माझ्या पश्चात भाऊ, नणंद आणि डॉक्टर या तिघांनी टेबलाशी बसावं. ह्यांनी काय घेतलं ते भावाने मोठ्याने सांगावं आणि ती वस्तू माझ्या बुटक्याच्या हाती द्यावी. बरणीतल्या उरलेल्या मोहरा सगळ्या उधळून टाकाव्यात. बुटक्याची हरकत चालणार नाही.

८. भावाला काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला वाटा देऊ नये असा कायदा आहे, आणि साक्षीला त्याच्याइतकं भरवशाचं माणूस माझ्याकडे नाही. त्याने रुसू नये.

ठिकाण: राहतं घर, कटिंगचं टेबल
दिनांक: अठरा फेब्रुवारी, बुधवार
लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)
२. धाकटा भाऊ (सही)

(भावाच्या अक्षरात) ताई, कलम सात वाचलं. भाऊजी कधीचे बाजारातून आलेत. दाराशी उभे आहेत, तूच कडी काढत नाहीस.

(माझ्या अक्षरात, त्याच दिवशी) कलम सात रद्द. रविवारी फासे घेऊन ये.