बुरुजातली भोकं

२८ ऑगस्ट १५२४
एसेक्सात पोचलो एकदाचा! तीन दिवस चालून पायांचे तुकडे पडले, पण काम लगेच मिळालं. सरदारसाहेबांच्या वाड्याला नवी देवडी होतेय, सगळी विटांची. चार कोपऱ्यांना चार बुरूज, लाल भिंतींवर जास्त भाजलेल्या काळपट विटांची शंकरपाळी नक्षी. बघतच राहावं. थरगुड मेस्त्रींनी माझे हात उलटेपालटे करून विचारलं, "किती दिवस टिकणार, पिअर्स?" म्हटलं, कंटाळा येईपर्यंत. त्यांची बायको थॉमसिनबाई हसल्या. खारवलेला मासा, पाव, बिअर आणि जुने बूटही दिले. मठातल्या बाबांनी दोन हिवाळे शिकवलेली अक्षरं कोळशानं गिरवतोय. (बाबा शिकवता शिकवता घोरायचे. असो.)

३० ऑगस्ट
शेवटचा बुरूज पुरा झाला. थंडीत चुना धरत नाही, म्हणून परांची आत्ताच उतरवायची. वरून सुरुवात. परांचीचा रोवलेला वासा उपसला की भिंतीत आरपार भोक राहतं, ते मेस्त्री बाहेरून बुजवतात. मी आत, गोल जिन्यात, विटांचा कठडा घासतो. रीत अशी की प्रत्येक भोक बुजवण्याआधी मेस्त्री आत तोंड घालून विचारतात, कोणी आहे का? आतल्यानं मुकाट जिना उतरून त्यांच्यासमोर उभं राहायचं. आतून उत्तर द्यायचं नाही. थॉमसिनबाई म्हणाल्या, ओ दिलेला माणूस भिंतीचा होतो. मी इतका हसलो की बिअर नाकात गेली.

३१ ऑगस्ट
आज मेस्त्रींनी विचारलं, आणि मी घसा खोल करून म्हटलं, "आहे की! दोन विटा नि एक भूत!" बाहेर थापी पडल्याचा आवाज. मग मेस्त्री ओरडले, "उतर, गाढवा! आत्ताच्या आत्ता उतर!"
उतरलो. जिना चाळीस पायऱ्यांचा, रोज मोजतो. आज दोनशेवर मोजल्या, दार येत नाही. वळून वर चढलो, तर तीन पायऱ्यांतच डोक्याला छत. पायरीवर बसून लिहितोय. भोकांतून बदकं दिसतात, चुन्याचा ढीग दिसतो. मजेत आहेत बदकं.

१ सप्टेंबर
मेस्त्री भोकासमोरच बोलत होते. आख्खा बुरूज तपासला म्हणे, रिकामा. माझ्या शेजारून तर कोणी गेलं नाही!
"पळालं कार्टं. रागावलो ना मी."
"अहो, बूट इथंच आहेत त्याचे."
"आला तेव्हा तरी कुठं होते? तूच दिलेस ना?"
मी घसा फाटेपर्यंत ओरडलो. बाईंनी मान वळवली. मेस्त्रींनी नाही.

३ सप्टेंबर
वरची भोकं बंद झाली. काळोख माझ्या मागोमाग उतरतोय. बोटं बाहेर काढून हलवली — मेस्त्रींनी त्यांच्यातूनच आरपार पाहिलं, चुना लावला, वीट ठोकली. ओढून घेतली मी बोटं. वेळेवर.
भूक लागत नाही. त्याचीच भीती वाटते.

४ सप्टेंबर
कुणी शोधायला येणार नाही. मी कधी कुठं टिकलोच नाही, त्यामुळं सगळ्यांना वाटणार — गेला असेल, नेहमीसारखा —
तीन भोकं उरली.

५ सप्टेंबर
एकच. वीतभर उजेड, त्यात लिहितोय. मेस्त्री चुना कालवायला गेले, तेवढ्यात बाई आल्या. भोकाशी अगदी हळू बोलल्या. "असशील तर बोलू नकोस हं, बाळा. खालचं दार उघडं राहावं म्हणून दगड लावून ठेवलाय. गपचूप ये."
तोंड दाबून उतरतोय. खरंच उजेड दिसतो — दाराचा! — दहा पायऱ्या असतील —
पण मध्ये कोणीतरी बसलंय. पाठमोरा. खांदे चुन्यानं पांढरे. वळून बघत नाही. जिना इतका अरुंद की त्याला ओलांडता —
वर वीट ठोकताहेत.
तो भिंतीकडं सरकला. हातानं पायरी झटकली. माझ्यासाठी जागा क