दयारामची इलेक्ट्रिक होडी

१० ऑगस्ट, रविवार. मुरुड.
नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. आता डिझेल हद्दपार करून इलेक्ट्रिक मोटर आणायची. शाळेतून निवृत्त झाले म्हणून सायन्स शिकवणं थांबत नाही. घरी होडीमालकांची सभा घेतली. निम्मे माझेच विद्यार्थी. धूर नाही, वास नाही, आवाज नाही. प्रत्येक मुद्द्याला सगळे "व्हय बाई" म्हणाले. एकमताने मंजूर.

११ ऑगस्ट
मोटर बनवणारी कंपनी एक मोटर बॅटरीसकट महिनाभर वापरायला देणार. मालकाचा होकार आला तर गावात आणखी येतील, नाही तर हीसुद्धा परत. माझा विद्यार्थी दयाराम, त्याचं नाव दिलं. तो म्हणाला, बाई, दुसऱ्या कुणाची होडी बघा ना. लहानपणापासून विनयशील.

१७ ऑगस्ट
मोटर बसली. दयाराम गेला, आला, कुणाला पत्ता नाही. अपूर्व शांतता! जेट्टीवर चार्जिंगची सोय नाही, म्हणून बॅटरी माझ्या पडवीत चार्ज होणार.

२० ऑगस्ट
दयारामची बायको नीराबाई तणतणत आली. इथे प्रत्येक बाई आपल्या होडीचं इंजिन आवाजावरून ओळखते आणि टोपली घेऊन किनाऱ्यावर निघते. आज आवाजच नाही. ही घरी, मासळी उन्हात, शेजारणींची विकूनही झाली. म्हणाली, "धनी येतोय का त्याचा भूत, कलत न्हाय." फोन करत जा म्हटलं. तर म्हणे, "पान्यात रेंज काय तुमची कंपनी देनार?"
बदल पचायला वेळ लागतो. दयारामला पीटीची शिट्टी दिली.

२२ ऑगस्ट
शिट्टी ऐकून कुणीतरी बुडतंय असं वाटलं आणि दोघांनी पाण्यात उड्या मारल्या. किरकोळ अडचण.

२५ ऑगस्ट
नीराबाईची तक्रार बंद. विषय संपला. दयाराम सकाळी बॅटरी आणतो, पार उतरलेली. संध्याकाळी भरून नेतो. म्हणजे मोटर सपाटून चालते आहे. गुडघ्यामुळे किनाऱ्यावर जाणं होत नाही. गरजही नाही, बॅटरी खोटं बोलत नाही.

२८ ऑगस्ट
गणपतीसाठी सगळ्या होड्या बंद. तरी दयाराम बॅटरी घेऊन हजर! याला म्हणतात निष्ठा. कंपनीचे इंजिनिअर विनेश यांना फोन केला. म्हणाले, इतका वापर आमच्याही अंदाजात नव्हता. साहजिक आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार
उद्या विनेश होकार घ्यायला येणार. संध्याकाळी लाइट गेली. दयारामची उत्तरं पाठ करून घ्यावीत म्हणून त्याच्या घरी गेले. आळीत त्याच्याच घरात उजेड. बॅटरीला इन्व्हर्टर जोडलेला. पंखा चालू, टीव्हीवर मॅच, खोलीत झाडून सगळे होडीमालक. मला पाहून उभे राहिले. मोटर ओटीवर, तिच्यावर सुकट वाळत घातलेली.
दयाराम घाईघाईने मोटरवरची सुकट गोळा करू लागला. नीराबाईच म्हणाली, "मोटर कवाच काढली, बाई. इंजिन वाजला की मना कलते. बॅटरी मातर झक्कास हाय. बसा, पंख्याखाली बसा."
माझ्या घरी अंधारच होता. बसले. पण मुद्दा सोडला नाही. ओव्हर संपल्यावर ठणकावून विचारलं, उद्या विनेशना कुणाकुणाची नावं देऊ?
सगळ्यांनी दिली. बॅटरीसाठी. मोटरसाठी एकही नाही.
यादीत शेवटचं नाव माझं.