चाळीस शर्ट आणि माझं माप

भांडुप, रविवार

तीर्थरूप लवूदादास अनंताचा साष्टांग नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? नवा पंप पाणी ओढतो की नुसताच ओरडतो, तेही कळवावे. (मोठ्या भावाला पत्रात 'तुम्ही' लिहायचं असं आईने बजावलं होतं. इथवर पाळलं, पुढे जमणार नाही.) दादा, माझी पार वाट लागली आहे रे. फोनच केला असता, पण आमच्या घराच्या भिंती पातळ. शिवाय तीस वर्षं लोकांची पत्रं वाटलेल्या माणसाला आपलं दुःख पाकिटातूनच पाठवावंसं वाटतं.

जानकीची कपड्यांची फॅक्टरी बंद पडली हे तुला ठाऊक आहे. मालकाला शर्ट परदेशातून तयार आणणं परवडायला लागलं, आणि अकरा बायका घरी बसल्या. बसल्या म्हणजे चार दिवस. पाचव्या दिवशी त्यांनी फॅक्टरीतली जुनी मशिनं घेतली, पिठाच्या गिरणीशेजारी गाळा घेतला, आणि त्यांच्यातल्या थोरल्या रत्नप्रभाताई म्हणाल्या, "इथल्या माणसांचे कपडे आता इथेच शिवायचे." मी भारावलो. (निवृत्त माणूस फार लवकर भारावतो.) माझा टपालातला जुना सोबती भाऊराव मुलुंडला ज्येष्ठ नागरिक मंडळाचा अध्यक्ष आहे. त्याच्या मागे लागून मी वर्धापनदिनाच्या चाळीस शर्टांची ऑर्डर आणली. पहिलीच ऑर्डर. ती फसली तर गाळा सोडायचा, असं बायकांनी आपसात ठरवलेलं.

आता यातली मेख ऐक. अकरा जणींपैकी एकीनेही अख्खा शर्ट कधी शिवला नव्हता! फॅक्टरीत रत्नप्रभाताई जन्मभर कॉलर लावत आल्या, संघमित्रा बाह्या, आणि आपली जानकी बावीस वर्षं फक्त काजं करत होती. कापणारा मास्तर सुरतेला निघून गेलेला. माप कुणाचं घ्यायचं यावर खल चालला होता, तेव्हा मी म्हणालो, "मी आहे ना! माझ्याहून सरासरी ज्येष्ठ नागरिक कुठे मिळणार?"

मला स्टुलावर उभं केलं. संघमित्रा टेप घेऊन आली. अकरा बायका माझ्याकडे बघतायत, त्यात एक माझी स्वतःची. दादा, तुला म्हणून सांगतो. मी पोट आत घेतलं. चांगलं दोन मिनिटं, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत. हे जानकीला मरेपर्यंत कळता कामा नये.

वर्धापनदिनाला चाळीस म्हातारे निळे शर्ट घालून ताठ उभे. (ताठ का, ते मला तेव्हा कळलं नाही.) मी माइक घेतला आणि आपल्या गल्लीत शिवलेला कपडा अंगावर घालण्यात काय अभिमान असतो यावर बोलू लागलो. "बसा, बसा," असंही मीच म्हणालो. मंडळी बसली, आणि बटणं सुटू लागली. पहिलं भाऊरावाचं. मग रांगेने. एक माझ्या चष्म्यावर आलं. भाऊराव खुर्चीतूनच ओरडला, "अन्या, तुझं भाषण ऐकू की श्वास घेऊ?"

दुसऱ्या दिवशी सगळे शर्ट परत आले. रत्नप्रभाताईंनी गठ्ठे मोजून घेतले आणि सरळ गाळ्यात नेले. त्याला आज सहा दिवस झाले. मी गल्लीत पाऊल टाकलेलं नाही. जानकी सकाळी जाते, अंधार पडल्यावर येते, जेवते आणि झोपते. मशिनं विकायला काढली असणार. विचारायची हिंमत नाही. एका माणसाच्या पोटापायी अकरा घरांची चूल विझावी, याहून वाईट काय असेल? मी भिंतीकडे तोंड करून पडून असतो.

तुझा अभागी,
अनंत

ता. क. खरं म्हणजे पत्राचं कारण वेगळंच आहे. तू आठ दिवस इकडे ये. तू सडपातळ, तुझ्याकडे आत घ्यायला काही नाही. तुझं माप खरं येईल. मशिनं विकली गेली नसतील तर एकदा पुन्हा प्रयत्न करता येईल.

ता. क. २. पत्र जानकीच पेटीत टाकणार आहे. पाकीट डिंकाने पक्कं चिकटवलंय.

दादा, सा. न. मी जानकी. पोस्टमनची बायको आहे, पाकीट वाफेवर कसं उघडतं ते मला येतं. ह्यांनी पोट आत घेतलेलं आम्हा अकरा जणींना दिसलं होतं. म्हणून कापताना तीन इंच वाढवूनच कापलं. चूक आमची. कापड धुवून न घेताच कापलं आणि शिवून झाल्यावर धुतलं, तिथे ते आटलं. पाच दिवस खपून सगळे शर्ट उसवले, दोन्ही कडांना पट्ट्या जोडल्या. काल मंडळाने ते घालून फोटो काढले. बटणं सुटली, पण काज एकही फाटलं नव्हतं, हे वहिनींना आवर्जून सांगा. ह्यांना आज सांगणारच होते, पण आधी हे पत्र हाताला लागलं. तुम्ही जरूर या, पण जेवायला या. दुसरी ऑर्डर मिळालीय, बालवाडीच्या झबल्या-चड्ड्यांची. तिथे तुम्हा दोघांपैकी कुणाचंच माप चालणार नाही.