दूध आटलं नव्हतं

आये, तुझी पणती दीड महिन्याची झाली. लेक बाळंतपणाला माझ्याकडे शिरोड्यालाच आहे. गेल्या आठवड्यात असं काही घडलं की ते तुलाच सांगावंसं वाटलं, आणि सांगायला तू नाहीस म्हणून लिहायला बसले.

बाळ तोवर शहाण्यासारखं पिऊन निजत होतं. एका सकाळी ते बिनसलं. पाजून खाली ठेवलं की लगेच तोंड वासून शोधायला लागे. छातीशी घेतलं की ओढायचं, सोडायचं, रडायचं, परत ओढायचं. लेकीला जेवायलाही उठू देईना. दुसऱ्या दिवशीही तेच. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई, माझं दूध कमी झालंय गं." मी तिच्यासाठी पेज घेऊन उभी होते. तोंडातून निघून गेलं, "पुरणा नाय गो तेका. वरचा दूध देवया." बोलले आणि पेज खाली ठेवली. हे शब्द माझे नव्हते. आत्याचे होते.

मी सात-आठ वर्षांची असेन. तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली आहेस, मांडीवर माझा भाऊ. तोही एवढाच, आणि असाच, सुटत नाही. बाबा बोटीवर, दूर कुठेतरी. आत्या चुलीवरचं भांडं उतरवून तुझ्यापुढे येऊन बसते. "वयनी, तुझा दूध सुकला गो. पोराक उपाशी ठेवतंस काय? पुरणा नाय गो तेका. वरचा दूध देवया." तू फक्त पदर सारखा करतेस. आत्या वाईट नव्हती, आये. तिनेच त्या दिवसापासून गाईचं दूध पाणी घालून, बोंडल्याने त्याला पाजलं, मांडीवर घेऊन निजवलं. तो पोटभर प्यायला, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मग त्याला जुलाब लागले. एसटीने वेंगुर्ल्याला नेईपर्यंत त्याने मान टाकली होती.

त्यानंतरची एक दुपार मी विसरलेले नाही. तू मागच्या पडवीत पाठमोरी बसून छातीला फडकं बांधत होतीस. फडकं ओलं झालं होतं. मला पाहिलंस, पण स्वतःशीच म्हणालीस, "आता येता हा. तेवा खंय होतां?" मला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

पुढे मी उंच व्हायला लागले, पोटऱ्या ठणकायच्या, तेव्हा तू खोबरेल चोळत म्हणायचीस, "हाडां वाढतत, सोस वायच." माझ्या परकराची शिवण उसवून दरवर्षी तू तो लांब करायचीस. वाढणाऱ्या मुलाला कधी दुखतं, कधी भूक लागते, हे तू जाणून होतीस. एवढ्याशा जिवालाही अशी वाढ अचानक येते, हे मात्र तुला कोणी सांगितलं नाही.

माझ्या तोंडून ते शब्द निघाले त्याच दिवशी आम्ही बाळाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी वजन केलं, लंगोट किती ओले होतात विचारलं, पाजताना नीट पाहिलं. मग लेकीला म्हणाल्या, "दूध भरपूर आहे. बाळाला वाढीचा जोर आलाय. या वयात येतो. दोन-चार दिवस ते असंच मागत राहील. ते जितकं ओढेल तितकं तुझं दूध वाढेल. मागेल तेव्हा पाज, आणि तू पोटभर जेव." मी विचारलं, "आणि वरचं दूध दिलं तर?" त्या म्हणाल्या, "मग ते छातीला कमी ओढेल, आणि दूध खरंच कमी होत जाईल. आणि इतक्या लहान बाळाला गाईचं दूध सोसतही नाही." त्या सहज बोलल्या. मी खुर्चीचा हात धरून बसले. लेकीला वाटलं, मला घेरी आली.

घरी आल्यावर लेक पाजत राहिली. मी तिला भरवलं, कुळथाची पिठी, भात, तळलेला बांगडा. तीन दिवसांनी बाळ पिऊन निजलं ते दुपार उलटून गेल्यावर उठलं. झबलं बाह्यांत घट्ट व्हायला लागलं होतं.

माझं बाळंतपण तू केलंस तेव्हा माझी लेक रडली की तू अंगणात निघून जायचीस. मुलगी झाली म्हणून तुला आवडलं नाही, असं मला वाटायचं. ती चालायला लागण्याआधीच तू गेलीस. तू तिच्या रडण्यात कोणाचं रडणं ऐकत होतीस, ते मला आत्ता आत्ता कळलं.

तुझं दूध आटलं नव्हतं, आये. तो वाढत होता. हे तुला सांगायला मी किती उतावीळ झाले होते. पण लिहिता लिहिता हात थांबला. हे तुला आता कळलं असतं, तर तो वाचू शकला असता हेही त्याबरोबरच कळलं असतं. आज तू समोर पाटावर बसलेली असतीस, तर मी तोंड उघडलं असतं की नुसती पेज वाढली असती, मला खरंच सांगता येत नाही.