सगूची बेरीज

शके १८२२, चैत्र वद्य ३
माळावरच्या झोपडीतून घरी येऊन आठ दिवस झाले. भिंतींना चुना दिला. लोक पेठेत परतताहेत. पारू, सगूची आई, परतली नाही. प्लेगनं तिला तिथंच नेलं, मार्गशीर्षात. तेव्हापासून आमच्या सगूच्या तोंडून शब्द नाही. पाच वर्षांची पोर. खाते, झोपते, आईच्या लुगड्याचं टोक धरून बसते. बोलत नाही.
थोरला दादा म्हणाला, "तू मास्तर न्हवं? काय तरी शिकव तिला. जीव रमंल."
पाटी घेऊन बसवलं. दोन आणि एक किती? नुसती बघत राहिली. पुन्हा विचारलं. आवाज चढला. शाळेतली पट्टी हातात कधी आली कळलं नाही. तळहातावर एक...
रडलीसुद्धा नाही. हात फक्त मागं लपवला.
पारू म्हणायची, "शाळंतला मास्तर उंबऱ्याभाईर ठेवून येत जावा की."

चै. व. ५
शेजारची रसूलबी बांगडीवाली. भिंतीपलीकडून तिनं सगळं ऐकलं होतं. सकाळीच दारात.
"मास्तर, पोरगी काय दगडी पाटी हाय व्हय, खरडायला?"
मान खाली घातली. दुसरं काय करणार. तिनं सगूला मांडीवर घेतलं, जोड फुटून उरलेल्या बारक्या बांगड्या काढल्या. डाव्या हातात दोन लाल, उजव्या हातात एक हिरवी. "वाजीव बघू. किती वाजल्या?"
सगू गप्प. मग हळूच उजव्या हातातली हिरवी काढली आणि डाव्या हातात लालांशेजारी घातली.
रसूलबी माझ्याकडे बघून म्हणाली, "हात बोलला की. तोंडबी बोलंल. घाई करू नगासा."
अकरा वर्षं शाळेत बेरीज शिकवतोय. ही अशी कधी दिसली नव्हती.

चै. व. ११
पाटी फडताळावर ठेवून दिली. रोज नवं काहीतरी. पायरीवरून दोन उड्या तिनं मारायच्या, एक मी. भाकरी थापताना तिच्या दोन चिमुकल्या, माझी एक. फुटाणे दोन मुठीत वाटून घ्यायचे, मग एकत्र करून खायचे.
आज चिंचोके. तीन इकडे, दोन तिकडे, सगळ्यांवर सूप झाकलं. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "झाले चार!" तिनं माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. मी हट्टानं म्हटलं, "चारच. मी मास्तर हाय."
"पाच."
घोगरा आवाज. साडेचार महिन्यांनी.
"पाच हायत. आबा चुकलं."
मागच्या परड्यात जाऊन तोंड धुतलं. दोनदा धुवावं लागलं.

वैशाख शु. २
रोज चुकतो आणि रोज बोलणी खातो. "आबा, ध्यान कुठं हाय तुमचं?" हे पारूचंच बोलणं, तिच्याच सुरात.
दुपारी महाराजांची गाडी रस्त्यानं गेली. लोक मुजरे घालत होते आणि आमची ही ओट्यावरून ओरडली, "दोन म्होरं, दोन मागं, घोडं चार!" सगळे हसले. मीही हसलो. घरात येताना म्हणाली, "आईला सांगू या."
फुटाणे पुढं केले. घेतले नाहीत.

वै. शु. ९
दादा स्थळ घेऊन आला. गडमुडशिंगीचं. मुलगी सोळा वर्षांची, घर खाऊनपिऊन सुखी. मुलीच्या बापाचं एकच म्हणणं: पहिलीची पोर पहिल्या दिवसापासून आमच्या पोरीच्या पदरात नको.
दादा म्हणाला, "सगूला आजीकडं ठेव, कुरुंदवाडला. तू तिशीचा गडी. चूल कुणी पेटवायची? जलमभर भाकऱ्या थापणार हायस व्हय?"
मी नाही म्हणालो नाही.
हे वाक्य पुन्हा लिहितो. मी नाही म्हणालो नाही.

वै. व. १
कुरुंदवाड. आगगाडी, मग बैलगाडी, मग नाव. नावेत सगू माणसं मोजत होती. काठावर उतरताना विचारलं, "आबा, हितं आपुण दोघं ऱ्हायचं न्हवं?"
"व्हय," म्हणालो.
सासूबाईंनी नातीला पोटाशी धरलं. माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत, त्यांची लेक माझ्या घरी गेली आणि संपली. दुपारी जेवून सगू माझ्या धोतराचा सोगा मुठीत धरून झोपली. एकेक बोट सोडवलं. निघालो.
नावाड्यानं विचारलं, "पावणं, डोळ्यात काय गेलं?"

वै. व. ४
रसूलबी आली. पोर कुठं? सांगितलं.
"शाळंत चाळीस पोरं सांभाळतासा मास्तर. घरात एक मावली न्हाय?"
गेली. त्यानंतर तिच्या दाराची कडी लागलेलीच.

वै. व. ८
वर्गात एका पोरानं सात आणि दोन आठ सांगितलं. मी उत्तर ऐकत होतो आणि काही केल्या चूक काय ते आठवेना. पोरं एकमेकांकडे बघू लागली.
घरी भाकरी एकट्यापुरती. तीही करपली.

वै. व. ११
मेव्हण्याचं कार्ड. सगू पुन्हा बोलेनाशी झाली आहे. दारात बसून असते. ताक-भातावर आहे. "तुम्हांस कळावे म्हणून लिहिले."
शाळा सुटताच तसाच चालत गडमुडशिंगीला गेलो. सांगितलं, पोर माझ्याजवळ राहील. चालत असेल तर लग्न, नाहीतर नाही. मुलीचा बाप चिडला. "मग आधी तोंड शिवलं हुतं काय?" खरंच आहे. आतल्या दाराआड काकणं वाजली, ती मुलगी असावी. तिचा तर काहीच दोष नाही. तिचंही नाव माझ्यापायी चार घरांत झालं.
दादानं बोलणं टाकलं.

ज्येष्ठ शु. २
कुरुंदवाड. सासूबाई पूर्वी जावईबापू म्हणत. आज म्हणाल्या, "या पावणं, बसा."
सगू त्यांच्या मागं. वाळली आहे. माझ्याकडे बघितलं आणि आजीच्या पदरात तोंड घातलं.
"न्यायला आलोय," म्हटलं.
"न्यायला. पुन्हा कुणी सांगितलं की आणून टाकशीला. पोर हाय ती, गाठोडं न्हवं."
शेंगा फोडायला बसल्या होत्या, मीही सुपाजवळ बसलो. काही विचारलं नाही, खेळ मांडला नाही. दिवसभर शेंगा फोडल्या. बोटं सोलली.

ज्ये. शु. ३
सगू आज हातभर अंतरावर येऊन बसली. दुपारी आजीनं अंथरूण घातलं तर आडवी होईना. खांबाला टेकून बसली, पापण्या मिटायच्या, दचकून उघडायच्या. पुन्हा मिटायच्या.
मी म्हटलं, "झोप की बाळ."
पहिल्यांदा बोलली. "निजल्यावर जाणार न्हवं?"
"न्हाय."
"त्या येळंलाबी ऱ्हायचं म्हनलासा."
सासूबाई चुलीकडं तोंड करून बसल्या. तशाच म्हणाल्या, "आठ दिवसांवर मिरग आलाय. पाणी चढलं की नाव बंद. ती आपल्या पायानं उठली तर न्या. वढून न्यायची न्हाय." बरोबर आहे.
रजा उद्या संपते. शाळेला कार्ड टाकलंय, काय म्हणतील ते म्हणोत.
हे लिहितोय तिथून ती दिसते. अजून बसलेली आहे. डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघते आहे. मीही जागचा हललेलो नाही.