सासऱ्याचं नाव घेणारी सून

प्रिय मामंजी,

खरं तर 'तीर्थरूप' लिहायला हवं. पण तुम्ही मला रीतभात धड कुठे पाळू दिलीत? आज लिहायला बसले त्याला कारण आहे. कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर आणखी एक मुलगी घ्यायचीय. सोमवारी मुलाखती आहेत आणि साहेबांनी मलाच विचारलं, या कामाला मुलगी कशी हवी? उत्तर मला येत होतं, पण ते सगळं तुमच्या आवाजात ऐकू येत होतं. तुम्ही तर दिवाळीतच गेलात.

माझी पहिली मुलाखत आठवते? जतहून मॅट्रिक होऊन आलेली तुमची सून, डोक्यावरचा पदर सावरत साहेबांपुढे उभी. त्यांनी साधंच विचारलं, मालकांचं नाव काय? मी मान खाली घातली. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे लहानपणापासून ऐकलेलं, आणि हे तर तेव्हा सरहद्दीवर, लढाई तोंडावर आलेली! पुन्हा विचारलं. उखाण्यात घेतलेलं चालतं, म्हणून घाबरून मी उखाणाच घेतला.

"कृष्णाकाठी ऊस वाढला दाट, जयसिंगरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

साहेबलोक पोट धरून हसले आणि त्यांनी खरंच माझी वाट सोडली. ही बाई फोनवर काय बोलणार, म्हणाले.

घरी आत्याबाईंना बरंच वाटलं. सून घरातच बरी, असं त्यांचं मत. हसला नाहीत ते तुम्ही एकटे. पलटणीत तुमची सगळी नोकरी वायरलेसच्या सेटवर गेलेली. दुसऱ्या दिवशी घरातली एकुलती एक खुर्ची अंगणात मांडून तुम्ही मला तिच्यावर बसवलंत आणि स्वतः समोर उभे राहिलात. सून खुर्चीत आणि सासरा उभा! निम्मी गल्ली बघायला आली. वर म्हणालात, आधी माझं नाव घे.

आत्याबाईंनी हातातली परात खाली ठेवली. "आवं, सुनंनं सासऱ्याचं नाव घ्यायचं? लोक काय म्हणतील?"

"नाव घेतल्यानं आयुष्य कमी झालं असतं," तुम्ही म्हणालात, "तर आमी कवाच मेलो असतो. आमी कवाच मेलो असतो."

मी नुसते ओठ हलवले. ऐकू आलं न्हाई, म्हणालात. शेवटी मोठ्यांदा म्हटलं, ज्ञानदेव. तुम्हाला काही झालं नाही, तुम्ही चहा मागितलात. मग यांचं नाव. त्याला मात्र मला आधी रडू आलं. तुम्ही रागावला नाहीत, घाई केली नाहीत, रडणं संपेपर्यंत तसेच उभे राहिलात. इतकं चांगलं माणूस मी माहेरीसुद्धा पाहिलं नव्हतं.

मग रोजची तालीम. तुम्ही वाऱ्यात विहिरीपाशी उभं राहून ओरडून निरोप सांगायचा, मी तो जसाच्या तसा परत म्हणायचा, मगच 'समजलं' म्हणायचं. एकदा नीट ऐकू आलं नाही आणि मी अंदाजानं ठोकून दिलं. तेवढं एकदाच तुम्ही चिडलात.

"न्हाई कळलं तर पुन्हा इचार, पोरी. लाज घटकाभराची असती. चुकीचा निरोप माणसं मारतो."

लढाई पेटली तेव्हा मला वाटायचं, नाव घ्यायला नको होतं. रात्रंदिवस तेच मनात. तुम्ही तालीम सोडली नाहीत. हे धडधाकट परत आले त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघून फक्त मान हलवलीत.

पुढच्या मुलाखतीला मी दोन्ही नावं खणखणीत सांगितली. जे येत नव्हतं त्याला म्हटलं, ठाऊक नाही, विचारून सांगते. साहेब नंतर म्हणाले, "त्या एका उत्तरावर तुम्हाला घेतलं." माझी जतची कानडीही उपयोगी पडली, ऊसतोडीच्या मुकादमांचे फोन तिकडूनही येतात ना.

एक राग आहे तुमच्यावर. गावच्या पोस्टात फोन बसला, तरी तुम्ही मला एकदाही केला नाहीत. कामाच्या तारेवर घरचं बोलायचं न्हाई, म्हणे! तुमचा आवाज फोनवर कसा वाटला असता, मला कधी कळणारच नाही.

सांगलीच्या दवाखान्यातून फोन आला तो माझ्याच बोर्डावर. यांच्या पलटणीला ट्रंककॉल मीच लावला. लाइन खराब होती, पलीकडचा जवान पुन्हा पुन्हा नाव विचारत होता. मी तुमचं नाव अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं. निरोप परत म्हणून दाखवा, म्हटलं. त्यानं म्हणून दाखवला, वडील ज्ञानदेव आज सकाळी वारले. बरोबर आहे, म्हटलं, आणि मगच रडले.

सोमवारी एखादी मुलगी माझ्यासारखी गप्प बसली, तर साहेबांना हसू देणार नाही, हा माझा शब्द. तिला बाहेर नेईन आणि कसली भीती वाटतेय ते विचारीन. तुम्ही मला विचारलं नव्हतं, नुसतं बघून ओळखलं होतं. तेवढं मला अजून जमत नाही, मामंजी, म्हणून विचारीन.

तुमची सून,
शालन