काहील कुणी उतरवायची

४ ऑक्टोबर १९७७

आज्जा झोपला नाही. बसला आहे! हे आधी लिहून ठेवतो, कारण परवापासून जो येतो तो विचारतो, "दहन कुठं केलंत?" आप्पांच्या कचेरीतले दोघे तर पंचगंगेच्या घाटावर जाऊन तासभर थांबले म्हणे. आमच्यात जाळत नाहीत हो! भस्म लावलं, गळ्यात लिंग तसंच ठेवलं, बेलाची पानं भरली आणि मांडी घालून बसवला. आमच्याच रानात, गुऱ्हाळाच्या मागं. अय्यांनी, आमच्या जंगम पुरोहितांनी, मंत्र म्हटले. मी माती लोटली. पहिली मूठ आप्पांची, लेकाची; दुसरी माझी, नातवाची.

मला त्याचं ते बसणं बरं वाटलं. आडवा झालेला आज्जा मी कधी बघितलाच नव्हता. चुलवाणापुढं बसलेला, नाहीतर काहिलीवर वाकलेला.

आज्जाचं, सिद्धराम गुळव्याचं, नाव काढलं की चिखलीपासून शिरोलीपर्यंत माणसं मान डोलवायची. उसाचा रस काहिलीत रटरटत असतो, ती काहील नेमकी कधी उतरवायची ते गुळव्या सांगतो. जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही, मेणासारखा ओघळतो. जरा उशीर झाला तर करपून काळा. आज्जा हात गार पाण्यात बुडवायचा, तसाच उकळत्या पाकात घालायचा, परत पाण्यात! बोटांत गोळी. ती काहिलीच्या काठावर मारली आणि टण्ण वाजली की आरोळी — "उतरवाऽऽ!"

ती आरोळी आता कोण देणार? मी देणार. लिहून ठेवलं.

६ ऑक्टोबर

रडलो नाही. आप्पाही रडले नाहीत. पण माझं कारण वेगळं आहे.

९ ऑक्टोबर

झालं! आठवडा उलटला नाही तोवर आप्पांनी विषय काढलाच. जेवताना. कचेरीत अर्ज वाचतात त्याच आवाजात — "ऊस औंदा कारखान्याला नोंदवतो. गुऱ्हाळ बंद."

मी ताट सरकवलं. "का?"

"माझ्यानं आता होणार न्हाई."

तुमच्यानं कधी होत होतं? जिल्हा परिषदेतला पांढरा शर्ट! तुम्ही कधी चुलवाणात पाचट तरी सारलंय का? — हे सगळं मी बोललो. मोठ्यानं. आई म्हणाली, "मल्लू, गप की रं." नाही गप्प बसलो. आप्पा हात धुवायला उठले आणि मला म्हणाले, "कॉलेज अर्ध्यातनं सोडलेल्यानं शिकवू न्हाई."

तेच शस्त्र. आठ महिने तेच.

सोडलं कॉलेज, सोडलं! दुसऱ्या वर्षाला. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला डेमॉन्स्ट्रेटर माझे पिवळे पडलेले हात बघून म्हणाला, "धुऊन या, इथं गूळ वळायचा नाही." सगळी बॅच हसली. मी बीकर फरशीवर आपटला आणि बाहेर पडलो. खिशात प्रयोगशाळेचा थर्मामीटर तसाच राहिला. तो परत केला नाही. करणारही नाही.

घरी आलो तेव्हा आप्पा भिंतीकडं तोंड करून झोपले. आज्जानं काय केलं? काही विचारलंच नाही. "भूक लागली आसंल," म्हणाला, आणि गरम काकवीत भाकरी कुस्करून दिली.

१४ ऑक्टोबर

नंदिनी भेटायला आली होती. तिच्या वडिलांबरोबर, दत्तोपंत मास्तरांबरोबर. मास्तर आप्पांशी बोलत बसले, ती परड्यात आली.

फेब्रुवारीत त्या बॅचमध्ये हसणाऱ्यांत तीही होती. हे आठ महिने मला खुपत होतं. आज विचारलंच.

"हसले," ती म्हणाली. "विनोद बरा होता. एवढ्यासाठी कॉलेज सोडतात होय?"

काय बोलावं हिला! मी म्हटलं, मी गुऱ्हाळ चालवणार, तुला दाखवतो. तर म्हणते, "तुझ्या रागाला मी भीत नाही रे. तू सगळं अर्ध्यात टाकतोस त्याला भिते. मला लिहिलेलं पत्रसुद्धा अर्धंच होतं."

ते पत्र तिला मिळालं होतं तर!

जाताना सायकलवर टांग टाकून म्हणाली, "आजोबांनी मला काकवी दिली होती. बोटानं खा म्हणाले." मला आठवतंय. ती गेल्यावर आज्जा मला म्हणाला होता — "पोरगी चांगली हाय. चमचा मागितला न्हाई."

पत्र पुरं करणार. आजच.

१५ ऑक्टोबर

नाही झालं.

२१ ऑक्टोबर, दसरा

काहिलीची पूजा केली. घासून लख्ख केली मी आणि सयाजीनं. सयाजी म्हणजे आमचा जळव्या, तीस वर्षं आज्जाच्या चुलवाणात जाळ घालतोय. त्याच्या भुवयांवर केस उरलेले नाहीत.

आप्पांनी हळदकुंकू वाहिलं आणि तिथंच मी पैज मांडली. सयाजीच्या देखत. "दिवाळीनंतर एक काहील मी उतरवणार. ढेप बसली तर गुऱ्हाळ चालू. नाही बसली तर ऊस कारखान्याला, काहील मोडीत. परत तोंड उघडणार नाही."

मला वाटलं, नाही म्हणतील. आप्पांनी काहिलीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बरं."

बस्स? "बरं"? भांडायलाही दम नाही या माणसात!

सयाजी कानात कुजबुजला, "मर्दा, कवा हात घातलास पाकात?"

"घालीन की."

"घालशील. मग मीठभाकर कंच्या हातानं खाशील?"

२ नोव्हेंबर

आज्जाची आठवण सारखी येते, आणि प्रत्येक आठवणीत मागं आप्पा उभे असतात. राग येतो.

गेली दोन वर्षं आज्जा दिवसाला एकच काहील घ्यायचा, तीही संध्याकाळची. "दुपारचं ऊन सोसत न्हाई," म्हणायचा. आप्पा कचेरी सुटली की सायकल मारत सरळ गुऱ्हाळावर यायचे. पांढरा शर्ट, विजारीला क्लिपा. काहिलीजवळ, आज्जाच्या मागं उभे. मदत? छे! तोंडाला रुमाल. आणि खोकणं. आपल्या बापाच्या धुराची घाण वाटणारा माणूस!

आज्जाही असा की आप्पा आल्याशिवाय काहील उतरवायचा नाही. मान न वळवता विचारायचा, "विरूपा, आलास व्हय?" नसतील आले तर सयाजीला सांगायचा, "जाळ वड. दमानं घे." एकदा आप्पांना उशीर झाला तर पाक नुसता मंद आचेवर ठेवून बसला. मला कळायचं आज्जा काय करतोय ते. कारकून झालेल्या लेकाला रोज धूर खायला लावत होता. झकास शिक्षा!

मी तिथं असताना मला मात्र एकदाही काहिलीजवळ उभं केलं नाही त्यानं. "तू लांब बस. शीक, मोठा हो." हे तेवढं त्याचं चुकलं.

१६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. रविवारी काहील.

युक्ती सुचली! हात कशाला भाजायचा? पुस्तकात बघितलं, गुळाचा पाक एकशे अठरा अंशांच्या आसपास उतरवतात. थर्मामीटर आहे ना माझ्याकडं! ज्या प्रयोगशाळेनं हात धुऊन ये म्हटलं, तिच्याच काचेच्या नळीनं गूळ करणार. आज्जा हसला असता. नंदिनीला सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्यावर आकडे कुठपर्यंत आहेत बघितलंस का?"

बघितलं. एकशे दहा. पुढचे आठ मी अंदाजानं धरीन. त्यात काय!

२० नोव्हेंबर, रविवार

हात शाबूत आहे. भाजलेला नाही. तसा भाजला असता तर बरं.

सकाळी ऊस गाळला. रस काहिलीत. सयाजीनं जाळ घातला, मी भेंडीचं पाणी टाकून मळी काढली. सगळं नीट. पाक पिवळा व्हायला लागला. आप्पा मागं येऊन उभे राहिले, रुमाल घेऊन. मी थर्मामीटर सुतळीला बांधून पाकात सोडला. पारा चढत चढत शंभर, एकशे पाच, एकशे दहा. मग वर टोकाला जाऊन थांबला. मी आता मनात मोजायला लागलो.

आप्पा खोकले. मी मोजणं चुकलो. परत खोकले. मी वळून ओरडलो, "धूर सोसत नसंल तर बाहेर थांबा की!"

ते बाहेर गेले नाहीत. मागं सरले फक्त.

आणि नळी फुटली. टिच! एवढासा आवाज. पारा पाकात.

 पाऱ्याचे दोनतीन मणी बुडबुड्यांत चकाकले आणि दिसेनासे झाले. दिवसभराचा ऊस! एक काहीलभर गूळ, जनावरालाही घालता येणार नाही असा. सयाजीनं डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि खाली बसला. "कालिजात ह्येच शिकिवत्यात व्हय रं?"

मला वाटलं आता आप्पा बोलतील. नऊ महिन्यांचं साठलेलं सगळं. बोलू देत, मीही तयार होतो!

आप्पांनी शर्ट काढला. घडी करून सायकलच्या हँडलला अडकवला. कुदळ घेतली आणि विहिरीपासून लांब, पडीक तुकड्यात खड्डा खणायला लागले. मी गेलो तर म्हणाले, "तू काहील गार हू दे." एवढंच. तिघांनी मिळून सगळा पाक पुरला. मग काहील राखेनं घासली. आप्पांनी चारदा घासली, काठ बोटांनी चाचपून चाचपून. पाऱ्याचा कण राहू नये म्हणून.

त्यांच्या अंगावर बनियन होतं. दंड केवढे! हे मी कधी बघितलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

जेवताना मी म्हणालो, "ठरल्यापरमानं. ऊस द्या कारखान्याला." हरलो असं आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं बोललो. 

आप्पा भाकरी मोडत होते. म्हणाले, "बुधवारी मी अर्धा तास आधी सुटतो. तवा पेटवा. नळ्याबिळ्या नकोत."

का? दया? माझी फजिती पुन्हा एकदा बघायला? तोंडावर विचारणार होतो. आईनं डोळे वटारले.

संध्याकाळी नंदिनी वाटेत भेटली. सगळं सांगितलं, पाऱ्यासकट. या खेपेला हसली नाही. "बुधवारी शेवटपर्यंत उभा राहा," म्हणाली. "गूळ होऊ दे नाहीतर कोळसा."

२३ नोव्हेंबर, बुधवार

बसली! ढेप बसली! सोन्यासारखी!

नीट लिहितो. ऊन उतरल्यावर पेटवलं. आप्पा आले. सायकल लावली, मागं उभे राहिले.  बुडबुडे मोठे झाले, मग बारीक, मग जड. मी हात गार पाण्यात घातला आणि — घातलाच! पाकात!  परत पाण्यात. बोटांत लिबलिबीत काहीतरी. काठावर मारलं. वाजलं नाही. पुन्हा. नाही. तिसऱ्यांदा वाजल्यासारखं वाटलं, नाही वाजल्यासारखंही. कानात नुसता जाळाचा आवाज. सयाजी काहील उचलायचा बांबू धरून माझ्या तोंडाकडं बघतोय. उतरवायची? थांबायचं? काही कळेना. काही म्हणजे काही कळेना!

मागं आप्पा खोकले.

आणि माझ्या तोंडातून आरोळी गेली — "उतरवाऽऽ!" कशी गेली देवाला ठाऊक. आज्जा आला अंगात! पाक निवायला वाफ्यात, त्या चौकोनी खळग्यात, ओतला, घोटला, साच्यात भरला. तासाभरानं ढेप टणक. मी नाचलो. सयाजीनं बोट लावून चाखलं, म्हणाला, "म्हाताऱ्याचाच गूळ की ह्यो!" आणि का कुणास ठाऊक, माझ्याकडं नाही, आप्पांकडं बघून हसला.

आप्पा तोवर सायकल घेऊन निघालेसुद्धा. शाबास म्हणायला काय जातं? जाऊ दे. उजव्या हाताची तीन बोटं टरारलीत, पेन डाव्या हातात धरून लिहितोय. आज्जाच्या हातावर असेच डाग होते. माझं रक्त आहे ते! कुणी काही म्हणो!

नंदिनीसाठी खडा बाजूला काढून ठेवला आहे.

२४ नोव्हेंबर

सकाळी सयाजीला म्हटलं, आज्जा काल माझ्या अंगात आला होता. तो बिडी विझवून म्हणाला, "म्हाताऱ्याला दोन वर्सं झाली दिसत न्हवतं, मल्लू. डोळ्यात सारा, मोतीबिंदू. बोटं तर कवाच मेल्याली. पाक विरूपा बघायचा. त्यो खोकला की म्हातारा आराडायचा. तुला सांगू नगं म्हनलावता म्हातारा."

वारा काल पश्चिमेकडून होता. धूर पलीकडं जात होता. आप्पा उभे होते तिथं धूर नव्हताच.

मागचं सगळं वाचून काढलं. खोडत नाही. राहू दे.

चुलवाण पेटलंय, पाक पिवळा व्हायला लागलाय. आप्पा अजून कचेरीतून यायचे आहेत. सयाजीला सांगितलं — जाळ वड. दमानं घे.